तपास आणि पश्चात्ताप

रहस्यकथेला आपल्या वाङ्मयाच्या हिशेबात कधी मानाने धरले गेले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनालयांतून त्यांची पाने सुटेपर्यंत त्या वाचल्या गेल्या; परंतु मराठी टीकेने त्यांची दखल घेतली ती बहुधा त्या आकड्याचे नवल म्हणून. धर्मनिष्ठ माणसाची तक्रार याहून निराळी असते. ही पुस्तके हलकी आहेत की भारी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. खून, विषप्रयोग, दरोडे यांत दोन-दोन तास रमणारे मन प्रार्थनेला कसे बसणार, असा त्याचा सवाल असतो. टीकाकाराच्या उपेक्षेकडे वाचकाने दुर्लक्ष केले तरी चालते. हा दुसरा सवाल मात्र माझ्यासारख्या ख्रिस्ती वाचकाला चुकवता येत नाही. म्हणून त्याचाच येथे विचार करतो.

ज्या परिसरात हा सवाल माझ्या कानी पडतो तो कल्याणच्या पलीकडचा. कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी जाते. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांसाठी १९४९ साली उभे राहिलेले उल्हासनगर व त्याचे पाच कॅम्प. अकराव्या शतकातील शिवमंदिराचे आणि शस्त्रास्त्रांच्या सरकारी कारखान्याचे अंबरनाथ. मुंबईत जागा न परवडणाऱ्यांनी वाढवलेले बदलापूर. येथे उपासनेला जमणाऱ्यांत मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ, सिंधी अशी सर्व भाषांची माणसे भेटतात. त्यांना वाचायला सवड मिळते ती गाडीत. आता हातात पुस्तकाऐवजी मोबाइल असतो हे खरे. पण त्यावर चाललेली मालिकाही पुष्कळदा कुणाच्या तरी खुनाचीच असते. तेव्हा सवाल जुना झालेला नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या ग्रंथाच्या नावाने रहस्यकथेला नाके मुरडली जातात, त्या पवित्र शास्त्रातच तपासाच्या उत्तम कथा आहेत. कॅथलिकांच्या प्रतीत दानीएलच्या पुस्तकाचे तेरावे प्रकरण पाहावे. सुसान्ना या साध्वीवर दोन वडीलधारे न्यायाधीश व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. तरुण दानीएल त्या दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि एकच प्रश्न विचारतो : हे तुम्ही कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि कुभांड उघडे पडते. साक्षीदारांना अलग ठेवून तपासण्याची ही युक्ती आजही कामी येते. पुढच्याच प्रकरणात दानीएल देवळातल्या जमिनीवर राख पसरतो आणि मूर्तीचा नैवेद्य रात्री कोण खाऊन जाते ते पावलांच्या ठशांवरून दाखवून देतो. प्रॉटेस्टंट मंडळीच्या प्रतीत ही दोन प्रकरणे नाहीत. पण डोरोथी सेयर्स या स्वतः अँग्लिकन असलेल्या रहस्यकथाकर्तीने १९२८ साली रहस्यकथांचा जो मोठा संग्रह संपादिला, त्यात या दोन्ही कथांना आद्य रहस्यकथा म्हणून स्थान दिले.

परंतु माझ्या मते शास्त्रातील खरी रहस्यकथा त्याहून जुनी आहे. काइनाने हाबेलाला शेतात मारले. साक्षीदार कोणी नाही. देव काइनाला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारतो. येथे वाचकाने थांबावे. डिटेक्टिव्ह प्रश्न विचारतो तो त्याला उत्तर ठाऊक नसते म्हणून. देवाला उत्तर ठाऊक आहे. तो विचारतो ते काइनाने स्वतःच्या तोंडाने बोलावे म्हणून. काइन बोलत नाही, उलट उर्मट प्रतिप्रश्न करतो. त्याला शिक्षा होते. आणि तरीही त्याला कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो. पहिल्या खुनाची ही कथा खुनी माणसाच्या रक्षणापाशी येऊन संपते. आपली रहस्यकथा जेथे पडदा पाडते, तेथे शास्त्रातील कथेचा शेवटचा अंक सुरू होतो, असे मला म्हणायचे आहे.

या मापाने आपल्या रहस्यकथा पाहाव्यात. अर्नाळकरांचा झुंझार किंवा काळा पहाड कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवतात. त्या कथांचा वेग, प्रसंगांची रेलचेल आणि साध्या माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे त्यांचे सामर्थ्य कोणीही नाकारू नये. पण तेथे दुष्ट माणूस पहिल्या भेटीतच दुष्ट म्हणून ओळखू येतो आणि वाचक पहिल्यापासून झुंझारच्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या अंतःकरणाला कोठे ओरखडा उठत नाही. धर्मनिष्ठ मंडळी म्हणतात, ही पुस्तके वाचून माणसाला पापाची गोडी लागते. मला भीती वाटते ती उलट बाजूची : ही पुस्तके वाचून माणसाला स्वतःच्या निष्पापपणाची गोडी लागते. आणि ख्रिस्ती दृष्टीने हे व्यसन अधिक वाईट.

याउलट चेस्टरटनचा फादर ब्राउन. १९१० साली अवतरलेला हा बुटका, गबाळा, छत्री विसरणारा पाद्री. त्याचे मूळ फादर जॉन ओकॉनर या खऱ्या धर्मगुरूत होते. पापांविषयी त्या साध्या माणसाला असलेली माहिती ऐकून चेस्टरटन हादरला होता. आणि थोड्याच वेळात त्याच घरात, धर्मगुरूंना जगाची काय कल्पना, असे दोन विद्यार्थ्यांना म्हणताना त्याने ऐकले. त्या विसंगतीतून फादर ब्राउन जन्मला. पापनिवेदनाच्या, गोव्याकडचे लोक ज्याला कुमसार म्हणतात त्या संस्काराच्या निमित्ताने, माणसाचे तळघर रोज ऐकणाऱ्याला गुन्हेगाराचे नवल वाटत नाही. १९२७ सालच्या संग्रहात तो आपल्या पद्धतीचे रहस्य सांगतो : मी मनाने स्वतः तो खुनी होतो, त्याच्या इतका जवळ जातो की केवळ हात उचलायचा बाकी राहतो. हा शास्त्रीय तपास नाही. हे आत्मपरीक्षण आहे. फ्लँबो हा अट्टल चोर त्याच्या हाती लागतो तेव्हा त्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा परत फिरवण्यात फादर ब्राउनला अधिक रस असतो, आणि फ्लँबो फिरतो. काइनाच्या कथेतला तो शेवटचा अंक येथे लिहिला गेला आहे.

भयकथेतही हीच कसोटी लावता येते. नारायण धारपांनी 'लुचाई' ज्या कादंबरीवर बेतली, त्या स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'मध्ये (१९७५) एका धर्मगुरूच्या हातातला क्रूस पिशाच्चासमोर तेजाने झळकतो. पिशाच्च त्याला आव्हान देते : क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेने माझ्यासमोर उभा राहा. त्याला ते धैर्य होत नाही. तो क्रूसाला चिकटून राहतो आणि क्रूस विझत जातो. आमच्याकडे रिक्षाच्या आरशाला, दुकानाच्या गल्ल्यावर, घराच्या चौकटीवर क्रूस असतो. तो ताईत म्हणून टांगला आहे की विश्वास म्हणून, हा प्रश्न एखाद्या प्रवचनापेक्षा या भयकथेने मला अधिक स्पष्ट विचारला.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. आपण कोणी विषप्रयोग करत नाही. आपली पापे बिलाची, मापाची, शेजाऱ्याविषयी उच्चारलेल्या एका वाक्याची. उल्हासनगरच्या अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी राज्याला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या इमारतींत खलपुरुष कोण म्हणावा? बांधणाऱ्याने बांधले, पाहणाऱ्याने डोळेझाक केली, घेणाऱ्याने स्वस्त मिळते म्हणून चौकशी केली नाही, आणि त्यात पुष्कळांचा आयुष्यभराचा घामही ओतलेला आहे. एकच गुन्हेगार शोधणाऱ्या डिटेक्टिव्हला येथे काही सापडणार नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्ती ही नावाने आणि श्रद्धेनेही ख्रिस्ती असलेली लेखिका एका प्रसिद्ध कादंबरीत या सत्याच्या अगदी जवळ गेली होती. बर्फात अडकलेल्या आगगाडीची ती गोष्ट. उत्तर सांगून वाचकाचा आनंद हिरावत नाही.

आगगाडीवरून आठवले. आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत सुंदर रहस्य आगगाडीतच घडले. नारायण वामन टिळक, ज्यांचे प्राथमिक शिक्षण आमच्या शेजारच्या कल्याणला झाले, १८९३ साली राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. तो अदबीने वागला, बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही. डिटेक्टिव्ह कथेत असा धागा मोकळा सोडणे हा दोष ठरला असता. येथे तो दोष वाटत नाही; कारण त्या माणसाचे नाव कळल्याने आपल्या ज्ञानात भर पडेल, टिळकांच्या आयुष्याच्या अर्थात पडणार नाही.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' या अंगाने पुन्हा वाचावीत. टिळक ख्रिस्ती होणार, पतिपत्नींची ताटातूट होणार, पुढे त्या स्वतःही त्याच वाटेने जाणार, हे पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचकाला माहीत असते. तरी पान उलटताना जीव टांगणीला लागतो. म्हणजे उत्कंठा अज्ञानातूनच उपजते असे नाही. प्रेमाने वाट पाहण्यातूनही ती उपजते. दिवाळी अंकांचे वाचन आटोपते न आटोपते तोच आमचा आगमनकाळ लागतो. नाताळचा शेवट ठाऊक असूनही आम्ही चार रविवार वाट पाहतो, ती याच जातीची उत्कंठा.

तेव्हा रहस्यकथा वाचावी की नाही, या सवालाला माझे उत्तर असे : खुशाल वाचावी, पण गुन्हेगार सापडल्यावर पुस्तक मिटून लगेच झोपू नये. दावीद राजाने नाथान संदेष्ट्याने सांगितलेली गरिबाच्या कोकराची गोष्ट ऐकली आणि त्या निर्दय श्रीमंताला देहान्त फर्मावला. उरियाची बायको हिरावून त्याला मृत्यूच्या तोंडी देणारा राजा त्या क्षणी अत्यंत न्यायी वाचक होता. मग नाथानाने बोट त्याच्याकडे वळवले, आणि दावीद काइनासारखा उर्मट झाला नाही. त्याने कबूल केले. चांगल्या रहस्यकथेने वाचकाला दावीदाच्या त्या आसनावर आणून बसवावे, एवढी माझी तिच्याकडून अपेक्षा आहे. बोट वळवणे हे कथेचे काम. कबूल करणे ज्याचे त्याने करायचे.