अंगुलिमाल सुत्ताचा उत्तरार्ध

मज्झिम निकायातील ८६ वे सुत्त, म्हणजे अंगुलिमाल सुत्त, आपल्या समाजात सर्वपरिचित आहे. वर्षावासातील प्रवचनांत, बालसंस्कार शिबिरांत आणि नाट्यप्रवेशांत ते वारंवार येते. दरोडेखोर जीव तोडून धावतो, तथागत संथ चालत राहतात, तरी तो त्यांना गाठू शकत नाही. आपण केव्हाच थांबलो आहोत, थांबायचे आहे ते तुला, असे तथागत त्याला सांगतात. शस्त्र खाली पडते आणि त्याबरोबर पडदाही पडतो. आमची तक्रार या पडद्याविषयी आहे. मूळ सुत्त तेथे संपत नाही. माणूस बदलला एवढेच सांगून ते थांबत नाही, तर बदललेल्या माणसाचे पुढे काय झाले हेही सांगते. नेमका हाच भाग आपण गाळत आलो आहोत.

उत्तरार्ध गाळून पूर्वार्धात जी भर घातली जाते, तीही तपासली पाहिजे. तक्षशिलेतील बुद्धिमान शिष्य, त्याच्याविरुद्ध भरविलेले आचार्याचे कान आणि गुरुदक्षिणा म्हणून मागितलेली हजार बोटे ही कथा अट्ठकथेतील आहे. सुत्तात ती नाही. या कथेने दोष आचार्याकडे सरकतो आणि नायक मुळात निरपराध ठरतो. सुत्त अशी कोणतीही सवलत देत नाही. हा मनुष्य क्रूर होता, त्याचे हात रक्ताने माखले होते, त्याने गावे ओस पाडली, एवढेच ते सांगते. मुळात निर्दोष असलेल्याला क्षमा करणे फारसे कठीण नसते. ज्याने खरोखरच अपराध केला, त्याला समाजात जागा आहे काय, हा सुत्ताचा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर राजा पसेनदीच्या प्रसंगात मिळते. राजा पाचशे घोडेस्वार घेऊन अंगुलिमालास पकडण्यास निघाला आहे. तो प्रव्रजित होऊन शीलाने जगताना दिसला तर काय कराल, असे तथागत त्याला विचारतात. आपण त्याला वंदन करू, चीवर-भोजन देऊ, रक्षण करू, असे राजा म्हणतो. परंतु तो समोरच बसला आहे हे कळताच भयभीत होतो. धीर आल्यावर राजा प्रथम त्याच्या मातापित्यांचे गोत्र विचारतो. पिता गग्ग, माता मंतानी. त्यानंतर राजा त्याला गग्ग मंतानीपुत्त म्हणून संबोधतो. 'अंगुलिमाल' हे नाव नव्हे, ती अपराधाची नोंद होती. राजसत्तेने नोंद बाजूस ठेवून नाव परत दिले. परंपरेने मात्र त्याला जुन्याच नावाने लक्षात ठेवले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रसंग अडलेल्या स्त्रीचा. जन्मापासून आपण जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतला नाही, या सत्यवचनाने तिचे कल्याण होवो, असे म्हणण्यास तथागत सुचवितात. ते असत्य होईल, असे अंगुलिमाल म्हणतो. तेव्हा तथागत दुरुस्ती करतात : आर्य जन्माने जन्मल्यापासून, असे म्हण. येथे भूतकाळ नाकारलेला नाही आणि त्याला अखेरचा शब्दही म्हणू दिलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी आपला नवा जन्म होत असल्याची प्रतिज्ञा घेतली, त्यांना या दुरुस्तीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत कठोर आहे. अर्हत झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेसाठी जातो. ढेकळे, काठ्या, खापऱ्या त्याच्या अंगावर येतात. डोके फुटते, पात्र मोडते, संघाटी फाटते. अट्ठकथाकार सांगतात की, कावळे-कुत्री हाकलण्यासाठी फेकलेल्या वस्तू त्याला लागत. आम्हांस हे स्पष्टीकरण पटत नाही. त्याने समाजाची सुटका होते. ते दगड मारलेल्यांच्या आप्तांचेही असू शकतील. सुत्त त्या आप्तांना एक शब्दही देत नाही, ही त्याची उणीव आम्ही मानतो. तथागत अंगुलिमालास सहन करण्यास सांगतात, कारण हे त्याच्या स्वतःच्या कर्माचे फळ आहे. हा उपदेश कर्म करणाऱ्यास आहे. दगड मारणाऱ्यास तो परवाना नव्हे.

संघाची बाजूही झाकून ठेवता येणार नाही. महावग्गात नोंद आहे की, अंगुलिमालाच्या प्रव्रज्येने लोक भयभीत झाले, तक्रारी झाल्या, आणि कुख्यात चोरास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. फटक्यांची शिक्षा भोगलेल्यालाही प्रव्रज्या नाकारण्यात आली. संघ लोकमतापुढे नमला, असे म्हणणे भाग आहे. परंतु हे नियम प्रव्रज्येचे आहेत. त्रिसरण आणि पंचशील यांचे दार त्यांनी बंद केलेले नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पतित व अपराधी यांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग राखला, तो उगाच नव्हे.

नोंद माणसाला कशी गिळते, हे आपल्या देशाला ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहिली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. कारागृहांच्या नियमावल्यांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरण्यास आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश होण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. तेथे अपराधाविना शिक्का होता, अंगुलिमालाच्या बाबतीत अपराधानंतर. हा भेद पुसता कामा नये. परंतु दोहोंकडे शिक्का माणसापेक्षा दीर्घायुषी ठरला. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम १२ परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून वाचविते. तुरुंगात पूर्ण शिक्षा भोगून आलेल्यास त्या कलमाचा आधार नाही. अंगुलिमालास राजाने दंडच केला नाही; आपल्या वस्तीत परतलेला तरुण तर दंड भोगून आला आहे. तरीही त्याला खोली मिळत नाही, काम मिळत नाही, बहिणीचे स्थळ मोडते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यापुढे या सुत्ताचे प्रवचन शस्त्र खाली पडण्यापाशी संपवू नये. फुटलेल्या डोक्यापर्यंत, मोडलेल्या पात्रापर्यंत ते वाचावे. आणि पौर्णिमेच्या वंदनेस तो तरुण विहाराच्या दाराशी घुटमळताना दिसला, तर त्याला त्याच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारून आत बसवावे.