चवीची भाषा आणि गुणांचे गणित

धर्मगुरूने मद्यावरील पुस्तकाचे परीक्षण लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. ज्या तोंडाने व्यसनमुक्तीच्या शिबिरात बोलायचे, त्याच तोंडाने स्कॉच व्हिस्कीचे रसग्रहण करायचे, हा दांभिकपणा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून या लेखनाचे कारण प्रथम सांगणे आवश्यक वाटते.

सुमारे वर्षापूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक माउली भेटावयास आल्या. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीस आहे. प्रत्येक सुट्टीला येताना तो 'सिंगल मॉल्ट'ची एक बाटली आणतो आणि दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडून ठेवतो. बाटली कधी उघडीत नाही. "फादर, तो म्हणतो, ही दारू नाही, हा संग्रह आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या वडिलांची सुटून नऊ वर्षं झाली. ते रोज संध्याकाळी त्याच खोलीत, त्या कपाटासमोर बसतात. त्यांचं काय?" आम्ही मुलास बोलावून घेतले. मुलगा सुशिक्षित आणि अदबशीर. वाद न घालता त्याने एक पुस्तक आमच्या हाती ठेवले आणि म्हणाला, "फादर, आधी हे वाचा. मग बोलू." ते पुस्तक म्हणजे मायकल जॅक्सन यांचे 'मॉल्ट व्हिस्की कंपॅनियन'. प्रस्तुत परीक्षण हे मुळात त्या तरुणास दिलेले उत्तर होय. अशी कपाटे इतर घरांतही दिसू लागली आहेत, म्हणून ते येथे देत आहोत.

हे मायकल जॅक्सन म्हणजे सुप्रसिद्ध गायक नव्हेत. यॉर्कशरमध्ये वाढलेले हे पत्रकार. १९७७ साली त्यांनी जगभरच्या बिअरवर एक ग्रंथ लिहून नाव मिळविले. मॉल्ट व्हिस्कीवरील हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. २००७ साली लेखक निवर्तले. त्यानंतर इतरांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. पुस्तकाची रचना शब्दकोशासारखी आहे. स्कॉटलंडमधील एकेक भट्टी अकारविल्हे घ्यायची, तिची घराण्याची शैली सांगायची, मग तिच्या एकेका बाटलीचा रंग, गंध, अंग, चव आणि घोट उतरल्यावर रेंगाळणारा शेवट यांची नोंद करायची, आणि अखेरीस शंभरपैकी गुण द्यायचे. घराणे, शैली, अंग हे शब्द वाचताना आम्हांस संगीतसमीक्षेचीच आठवण झाली. ही पद्धतच या पुस्तकाचे बळ आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिच्यातच त्याची उणीवही आहे.

ज्यांस हा विषय नवा आहे, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. सातूला मोड आणून, ते वाळवून, दळून, गरम पाण्यात त्याची साखर उतरवून, ती आंबवून तांब्याच्या हंड्यांत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन केले की मॉल्ट व्हिस्की तयार होते. ती एकाच भट्टीची असेल तर 'सिंगल'. २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि तिच्यात किमान चाळीस टक्के अल्कोहोल असावे लागते. लेबलावर वय लिहिले असेल, तर ते आतील सर्वांत कोवळ्या मद्याचे असते.

या विद्येचा पहिला ज्ञात कागद एका मठवासीयाच्या नावाने आहे, हे वाचून आमच्या वाचकांस गंमत वाटेल. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहीत १४९४ साली फ्रायर जॉन कॉर यांस 'जीवनजल' बनविण्यासाठी आठ बोल (त्या काळचे धान्याचे माप) मॉल्ट दिल्याची नोंद आहे. परंपरेने त्यांचे नाव लिंडोर्सच्या मठाशी जोडले जाते. धर्मसुधारणेच्या धुमाळीत तो मठ उद्ध्वस्त झाला. त्याच्या भग्नावशेषांशेजारी २०१७ साली पुन्हा भट्टी पेटली. तेव्हा या विषयात आम्ही अगदीच परके नाही!

आता पुस्तकाच्या गुणांकडे वळू. जॅक्सन यांनी चवीस भाषा दिली, हा त्यांचा पहिला आणि मोठा गुण. पश्चिमेकडील आयला बेटावर मोडाचे सातू वाळविण्यासाठी पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून घट्ट झालेला वनस्पतींचा थर. त्याचा धूर दाण्यांत शिरतो तो पेल्यापर्यंत येतो. म्हणून लागावूलिनमध्ये शेकोटी आणि समुद्रकाठ सापडतो, तर लाफ्रॉइगमध्ये चक्क दवाखान्यातील आयोडिनचा वास येतो. उलट दक्षिणेकडील ग्लेनकिंचीत गवताचा हलका गोडवा. आणि मॅकॅलनसारख्या ज्या व्हिस्कीने शेरी मद्याच्या पिंपात वास्तव्य केले, तिच्यात सुकामेव्याचा दाट स्वाद. आपल्या वसईकरास तेथे सुकेळ्यांची आठवण व्हावी. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी दरवेळी नवेच जाळलेले पिंप वापरावे लागते. ती एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला येतात आणि व्हॅनिलाचा सौम्य गंध देतात. एकाच धान्यापासून, पाण्यापासून आणि यीस्टपासून निघालेले हे वैविध्य लेखक शांतपणे, शब्द तोलून उलगडतात.

हे वाचताना आमच्या मनात एक विचार आला. आपल्या मराठीत भातासाठी, आंब्यासाठी, मासळीसाठी चवीचे किती शब्द आहेत! हापूस आणि पायरी यांतील भेद आपले लहान पोरही सांगेल. पण दारूविषयी आपली भाषा काय म्हणते? चढली, लागली, झिंगला, तर्र झाला, उतरली. म्हणजे परिणामाचे शब्द उदंड. चवीचा एकही नाही. ज्या पदार्थाच्या चवीस भाषेत शब्द नाही, तो पदार्थ आपण चवीसाठी घेतच नाही, असाच त्याचा अर्थ. आपल्या लग्नमांडवात पेला रिकामा होण्यास किती क्षण लागतात, ते आम्ही पाहिले आहे. त्या दृष्टीने हे पुस्तक संयमाचा एक धडाच ठरते. ज्यास गंध, चव आणि शेवट यांची नोंद करायची आहे, त्यास घाई करताच येत नाही.

निवडीच्या बाबतीतही या पद्धतीचा उपयोग आहे. विकत घेणारा सहसा वय आणि रंग पाहतो. दोन्ही फसवे आहेत. रंग सारखा राखण्यासाठी साधे कॅरमेल घालण्यास नियमांची मुभा आहे; तेव्हा गडद म्हणजे जुनी, हा हिशेब खरा नव्हे. अधिक वय म्हणजे अधिक चांगली, हेही नेहमी खरे नसते. फार काळ पिंपात राहिली की लाकूडच बोलू लागते. पिंप कोणते, पीट आहे की नाही, अल्कोहोलचे प्रमाण किती, हे पाहावे आणि आपल्या जिभेस काय रुचते ते ठरवावे. पाणी घालणे म्हणजे कमीपणा, ही समजूतही चुकीची. २०१७ साली स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी संगणकीय गणनेने दाखविले, की पाणी मिसळल्यावर धुराचा गंध देणारे ग्वायाकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. जाणकार पूर्वीपासून जे करीत आले, त्याचे हे एक कारण असावे.

आता उणिवेकडे. जॅक्सन यांनी प्रत्येक वर्णनाच्या शेवटी गुण दिले. वर्णन वाचण्यास वेळ आणि कल्पनाशक्ती लागते. आकडा एका नजरेत कळतो. साहजिकच पुष्कळांनी वर्णन सोडले आणि आकडा घेतला. हा दोष एकट्या लेखकाचा नव्हे, वाचकांचाही आहे. परंतु दार त्यांनी उघडले, हे नाकारता येत नाही. कवितेच्या रसग्रहणाखाली कोणी शंभरपैकी गुण लिहिले, तर आपण हसू. येथे कोणी हसले नाही. चवीची तुलना आकड्यात करता आली की तिची किंमत पैशात करणे सोपे जाते, आणि मग संग्राहक येतो.

संग्रह ही गोष्ट मुळात वाईट नाही. आयलावरील पोर्ट एलन ही भट्टी १९८३ साली बंद पडली आणि २०२४ साली पुन्हा सुरू झाली. मधल्या चार दशकांत तिची जुनी चव टिकली ती पिंपांत आणि बाटल्यांत. अशा बाटल्या जपून, योग्य वेळी मित्रांसमवेत उघडणारा मनुष्य एका हरवलेल्या कारागिरीची आठवणच जपत असतो. पण बहुतेक संग्रहांची दिशा ही नव्हे. १९२६ साली गाळलेली, साठ वर्षे मुरवून १९८६ साली भरलेली मॅकॅलन; तिच्या बाटल्या अवघ्या चाळीस. त्यांतील एक २०२३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या लिलावात सुमारे बावीस लाख पौंडांना गेली. जिथे इतका पैसा, तिथे लबाडीही. २०१८ साली स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बनच्या साह्याने पंचावन्न दुर्मीळ बाटल्या तपासण्यात आल्या, तेव्हा एकवीस बाटल्या बनावट किंवा लेबलावरील सालाच्या नसलेल्या निघाल्या. त्यांचे मालक त्या कपाटात ठेवून समाधानी होते, कारण चव कोणी घेतलीच नव्हती. लोणचे बरणीत मुरते. व्हिस्की काचेत मुरत नाही. पिंपातून निघाली की तिचे वाढणे थांबते. बंद कपाटात वाढते ती फक्त किंमत.

येथे आम्हांस काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी आठवतो. त्याच्या हाती पेला आला, तेव्हा तो द्राक्षारस कोठून आला हे त्यास ठाऊक नव्हते. ना लेबल, ना साल, ना गुण. त्याने चव घेतली आणि हा अधिक चांगला, असा निर्णय दिला. शुभवर्तमानातील हा पहिला समीक्षक म्हणावा लागेल. प्रभूने दिलेला तो द्राक्षारस तळघरात ठेवण्यासाठी नव्हता, पाहुण्यांसाठी होता.

काळानुसार पुस्तकास आणखी एक मर्यादा पडली आहे. मॉल्ट म्हणजे स्कॉटलंड, हे समीकरण पहिल्या आवृत्तीच्या वेळी बरेचसे खरे होते. आज बेंगळुरूची अमृत (२००४) आणि गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन (२०१२) यांना परदेशी जाणकारांनी मान दिला आहे. मुरताना पिंपातून जे उडून जाते, त्यास स्कॉटिश लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तेथे तो वर्षाला सुमारे दोन टक्के. गोव्याच्या उष्म्यात आठ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडचे देवदूत अधिक तहानलेले दिसतात! परंतु त्याच उष्म्यामुळे मद्य लवकर मुरते, आणि म्हणून वयाचा आकडा येथे आणखीच निरुपयोगी ठरतो.

शेवटी, या ग्रंथात आम्हांस सर्वांत अधिक खटकले ते त्यातील मौन. कोणती व्हिस्की जेवणापूर्वी, कोणती जेवणानंतर, कोणती निजताना पुस्तकाच्या सोबतीने घ्यावी, हे लेखक प्रेमाने सांगतात. पण ज्याच्यासाठी पहिला घोटच शेवटच्या पायरीकडे नेतो, अशा मनुष्याशेजारी ही बाटली कशी ठेवावी, हे ते सांगत नाहीत. रसिकाने एकट्याच्या जिभेचाच विचार करावा, असे गृहीत धरले आहे. आपल्या घरांत कोणी एकटा नसतो. तेथे एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते.

पुस्तक वाचून झाल्यावर आम्ही त्या तरुणास आमच्या निवासस्थानी बोलाविले आणि त्याच्या आवडीची एक बाटली आणण्यास सांगितले. त्याने टॅलिस्कर आणली. "फादर, खरंच उघडायची?" त्याने दोनदा विचारले. आम्ही उघडली. दोन लहान पेले, थोडे पाणी, आणि तासभर गप्पा. इतक्या बाटल्या जमविणाऱ्या त्या मुलाने त्यांतील एकीचीही चव तोवर घेतली नव्हती. पेला नाकाशी नेऊन तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजीच्या चुलीसारखा वास आहे, फादर." तो वास कोणत्याही आकड्यात बसणारा नव्हता. उरलेली बाटली त्याने घरी नेली नाही.

आमचा अभिप्राय असा: ज्यास घेणे झेपते आणि ज्याच्या घेण्याने घरात कोणी दुखावत नाही, त्याने हे पुस्तक जरूर वाचावे, वर्णने सावकाश वाचावीत आणि गुणांवर बोट ठेवून पुढे जावे. ज्यास झेपत नाही, त्याने ते वाचले नाही तरी काही बिघडत नाही. आणि ज्याच्या घरी काचेचे कपाट आहे, त्याने त्या कपाटासमोर कोण बसते, ते एकदा पाहावे. त्या माउली गेल्या महिन्यात भेटल्या. कपाट आता मुलाच्या खोलीत आहे आणि त्यास कुलूप आहे. वडील काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी ते पुन्हा रोझरीस सर्वांबरोबर बसू लागले आहेत.