शिंपल्यातला गणपती

तळहातावर मावेल एवढा शिंपला. बाहेरून काळपट तपकिरी, गाळानं माखलेला. नदीत पाय सोडून बसलेलं पोरही त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. उघडला की आतली बाजू निळसर पांढरी, बिजागरीकडे किंचित गुलाबी, आणि त्या पांढऱ्यावर उठून आलेला गणपती. सोंड डावीकडे वळलेली, पोट गोल, कान पसरलेले. गोड्या पाण्यातल्या मोतीशेतीत याला डिझाइन मोती म्हणतात. केळझरच्या सिद्धिविनायकाला जाणाऱ्या वर्धेकराला हे रूप पाठ आहे. पण इथं ते कुणी कोरलेलं नाही. एका जिवानं ते थराथरानं झिरपवलं आहे. त्यामुळे ते बघावंही थराथरानंच.

आधी कडा बघाव्यात. मुळातली आकृती माणसानं केलेली असते: शिंपल्याची भुकटी चिकटद्रव्यात मळून साच्यात बसवलेली. शिंपल्याची दोन झाकणं जेमतेम उघडून, कवचाला आतून चिकटलेला मांसल पडदा अलगद सुटा करायचा आणि त्याखाली ती सरकवायची. पुढचं काम त्या पडद्याचं. तो आगंतुक वस्तूवर मोत्याचं द्रव्य चढवू लागतो. मुकुटावरची बारीक नक्षी, बोटं, डोळ्यांच्या रेघा त्याखाली बुजतात. हे ठाऊक असलेला कारागीर आकृती ठसठशीत ठेवतो. सोंडेचं एक वळण आणि पोटाची एक गोलाई एवढ्यावर गणपती उभा करतो, बाकीचं शिंपल्यावर सोपवतो. उत्तम नमुन्यात आकृती कुठं संपली आणि कवच कुठं सुरू झालं ती रेघ सापडत नाही.

मग लकाकी. मोत्याचं द्रव्य म्हणजे अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियमच्या खनिजाच्या चकत्या. एकेक चकती जवळपास अर्ध्या मायक्रॉन जाडीची. चकत्यांच्या मध्ये प्रथिनांचा पातळ लेप. प्रकाश वरच्या थरावरून परततो, खालच्याही थरांवरून परततो, आणि ते किरण एकमेकांत मिसळून ती खोल झळाळी येते. रंग कुणी भरलेला नसतो. नमुना उन्हात हळूहळू फिरवावा. झळाळी पोटावरून सोंडेकडे सरकत गेली तर थर भरपूर आहेत. गणपती खडूसारखा सपाट पांढरा दिसला, तर तो घाईनं काढला आहे आणि लेपाखालची भुकटीच दिसते आहे. चांगल्या थराला बारा ते अठरा महिने लागतात. पडदा फाटला असेल तर त्या जागी तपकिरी डाग राहतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताची सफाई अशी वर्षभरानंतरही वाचता येते.

ही कला जुनी आहे. चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी शिंपल्यांत बुद्धाच्या चिमुकल्या मूर्ती ठेवून त्यांवर मोत्याचा लेप चढवून घेत. जपानमध्ये मोती पिकवू पाहणाऱ्या मिकिमोतोंना १८९३ साली पहिलं यश मिळालं तेही कवचाला चिकटलेल्या अर्ध्या मोत्याचंच. भारतात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं तंत्र बसवलं ते भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं, म्हणजे ‘सिफा’नं.

मोतीशेतीच्या छंदाची ओढ अनेकांना अ‍ॅबलोनीपासून लागते. या समुद्री गोगलगायीच्या कवचात हिरवा, निळा, जांभळा असे रंग एकाच वेळी खेळतात. पण तिला स्वच्छ खारं पाणी आणि खायला समुद्रशेवाळ लागतं. तिचं रक्त गोठत नाही, त्यामुळे मोत्यासाठी केलेली छोटी जखमही तिच्या जिवावर बेतते. मन्नारच्या आखातात तिची एक जात मिळते, वर्ध्यात तिचं पालन शक्य नाही. त्याची खंतही नसावी, कारण आपल्याकडच्या साध्या शिंपल्याची आतली बाजू त्याच द्रव्याची आहे.

शिवाय हा शिंपला इथल्या भूमीचा आहे. विदर्भातल्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरातून गोळा केले. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच पाषाणातून सुटलेलं कॅल्शियम आजही पाण्यात उतरतं आणि शिंपला त्यातूनच कवच घडवतो. गणपतीवरच्या लेपात वर्ध्याचा खडक आहे, हे रसिकानं विसरू नये.

आता या कलाकृतीची दुसरी बाजू. डिझाइन मोती काढताना शिंपला मरतो. ही किंमत लपवून मोत्याचं कौतुक करणं खोटं ठरेल. इथं मला जे. सी. कुमारप्पा आठवतात. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते सचिव. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या निसर्गातून दाखवल्या आहेत. माकड आमराईत शिरतं, फळं ओरबाडतं आणि निघून जातं. मधमाशी मध नेते, पण फुलांचं परागीभवन करून जाते. मोत्याचा व्यवहार यातल्या कुठल्या पायरीवर ठेवायचा हे करणाऱ्याच्या हातात आहे.

शिंपला पाणी गाळून पितो, तळं नितळ ठेवतो. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात; मासे नसतील तर शिंपल्याची पुढची पिढी नाही. धाम, बोर, वेणा या नद्यांतून पोत्यांनी शिंपले उपसून कुणी तळ्यात टांगले, तर तो गणपती कितीही देखणा असला तरी माकडाच्याच पायरीचा. मासेमारी करणाऱ्या सोसायटीला विश्वासात घेऊन मोजके मोठे शिंपले घेणारा, तळ्यात मासे सोडणारा आणि लहान शिंपले तिथंच वाढू देणारा मधमाशीच्या पायरीवर जातो.

सुरुवात करू बघणाऱ्या शेतकऱ्याला माझं एवढंच सांगणं. आधी डझनभर चांगले-वाईट नमुने हातात घेऊन कडा, लकाकी, डाग ओळखायला शिका. मग थोडेच शिंपले घ्या. शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा, कारण जास्त मरतूक तेव्हाच होते. नंतर जाळीच्या पिशव्या बांबूला बांधून मीटरभर खोल सोडा. शेततळ्याचं पाणी वर्ध्याच्या मे महिन्यात किती उतरतं हे आधी एक उन्हाळा मोजा. ‘तुमचा माल आम्हीच घेऊ’ असं सांगून हजारो शिंपले गळ्यात मारणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि तारीख उलटली म्हणून शिंपला फोडू नका. थर पुरे झाले असतील तरच फोडा. एका जिवाच्या बदल्यात मिळणारा मोती अर्धकच्चा असणं हा या कलेतला एकमेव अक्षम्य दोष आहे.