छत जवळ येते, आपण जात नाही

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता तंत्रज्ञानाचा आहे, पण प्रश्न जुनाच आहे: पाहणे म्हणजे काय? व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचे सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणारे, अतिसूक्ष्म तपशिलाचे चित्र २०१० मध्ये इंटरनेटवर खुले झाले. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या चमूने हजारो छायाचित्रे काढून ती एकमेकांना जोडली. माउस ओढला की दालन आपल्याभोवती फिरते, चाक फिरवले की छत जवळ येते. या चित्राकडे आम्ही एक कलाकृती म्हणून पाहणार आहोत, आणि कलाकृती म्हटली की तिची समीक्षा आलीच.

आधी तिचे देणे मान्य करू. हे दालन सुमारे ४१ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि जवळजवळ २१ मीटर उंच आहे. म्हणजे मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले छत आपल्या डोळ्यांपासून साधारण सहा मजले वर आहे. आत छायाचित्र काढायला मनाई, गर्दी अशी की मान वर करावी तर मागचा धक्का देतो, आणि मध्येच पहारेकरी शांततेची ताकीद देतो. आपल्यापैकी बहुतेकांना तर रोमचे तिकीट परवडणारे नाही. अशा माणसाला रिकामे दालन, हवा तितका वेळ आणि फुकट मिळते. याला लहान गोष्ट म्हणणारे लोक बहुधा रोमला जाऊन आलेले असतात! पुढे याच चित्रांची सुमारे २,७०,००० छायाचित्रे काढून एक ग्रंथ झाला. तो तीन खंडांचा आणि भलताच महाग आहे. त्याच्या तुलनेत हे फिरते चित्र जास्त उदार आहे, यात शंका नाही.

पण आता जरा बारकाईने पाहू. चाक फिरवल्यावर छत जवळ येते, म्हणजे नेमके काय होते? आपण जवळ जात नाही. कॅमेरा जिथे उभा होता तिथेच राहतो, फक्त चित्राचा एक तुकडा मोठा होतो. खरोखर चार पावले पुढे गेलो तर पुढची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकते, कोन बदलतो, आधी झाकलेले उघडे पडते. चित्र मोठे केल्यावर यातले काहीच होत नाही. तपशील मिळतो, दृष्टिकोन मात्र तोच राहतो. मराठीत 'दृष्टिकोन' या शब्दात 'कोन' आहे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. कोन असायला कुठेतरी उभे राहावे लागते.

याचा पुरावा छतावरच आहे. वेदीच्या वर योना संदेष्टा रंगवलेला आहे. तिथली भिंत वक्र आहे, ती आपल्याकडे पुढे झुकते. पण तिच्यावरचा योना मागे रेललेला दिसतो. पृष्ठभाग पुढे येतोय आणि आकृती मागे जातेय! सोळाव्या शतकात वसारीने याच करामतीची मनापासून स्तुती केली. आता ही करामत कळायला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवाव्या लागतात: भिंतीचा वाक आणि चित्राचा कल. खाली उभ्या माणसाचे दोन डोळे आणि हलती मान हे काम न सांगता करतात. पडद्यावर वाक सपाट होतो, उरतो फक्त मागे रेललेला माणूस. चित्र दिसले, करामत गेली.

दुसरा पुरावा. मायकेलअँजेलोने काम प्रवेशद्वाराच्या बाजूने सुरू केले. तिथला महापूर पाहा, लहान लहान आकृत्यांची दाटी आहे. साधारण निम्मे छत झाल्यावर परांची उतरली आणि १५११ मध्ये तेवढा भाग लोकांना पाहता आला. त्यानंतरच्या चित्रांत आकृत्या कमी आणि मोठ्या होत गेल्या. त्याचे नेहमी दिले जाणारे आणि आम्हांलाही पटणारे कारण असे, की खालून काय दिसते हे चित्रकाराला तेव्हा नीट उमगले. म्हणजे अंतर ही या चित्रांतली अडचण नाही, तो त्यांच्या रचनेचा भाग आहे. आपण पडद्यावर महापूर आणि आदामाची निर्मिती सारख्याच आकारात आणतो, आणि चित्रकाराने चार वर्षांत जे शिकून घेतले ते एका बोटाने पुसून टाकतो.

वॉल्टर बेंजामिनने १९३०च्या दशकात यांत्रिक प्रतींवर निबंध लिहिला. प्रत निघाली की मूळ कृतीचे 'इथे आणि आत्ता' असणे हरवते, असा त्याचा मुद्दा. तो खरा आहे, पण इथे त्याने भागत नाही. कारण या चित्रात स्वतःचेही 'इथे आणि आत्ता' आहे, आणि ते लपवलेले आहे. हजारो छायाचित्रे एका क्षणी निघत नाहीत. त्यांची शिवण पुसली जाते, तिवई पुसली जाते, काढणारा माणूस पुसला जातो. प्रकाशाचेच घ्या. २०१४ मध्ये या दालनात सुमारे ७,००० एलईडी दिव्यांची नवी योजना आली. म्हणजे २०१० चे चित्र पाहणारा आणि आज तिथे उभा असलेला माणूस एकच छत वेगवेगळ्या उजेडात पाहतात. मेणबत्त्यांच्या काळातला उजेड तर दोघांनाही नाही. चित्र मात्र असे समोर येते, जणू छत हे असेच असते, सदासर्वदा.

इथे आपल्या परंपरेतला एक भेद कामाला येतो: मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, म्हणून ती कमी ठरली नाही. उलट ती स्वतःच मोठी झाली, कारण ती टीका आहे हे तिने कधी झाकले नाही. कोण बोलतो, कोणासाठी, कोणत्या भाषेत, हे ओवीओवीतून कळते. फिरते चित्र हीदेखील एक टीकाच आहे. तिने जागा निवडली, उजेड निवडला, गर्दी वगळली, प्रार्थना वगळली. ज्या दालनात पोप निवडला जातो ते तिने निव्वळ चित्रदालन करून दाखवले. निवड करण्याबद्दल आमची तक्रार नाही. टीकेने मूळ ग्रंथाचा वेश घेतला, ही तक्रार आहे.

हा वाद केवळ रसिकांचा नाही. पुढच्या पिढीतले बहुसंख्य लोक अशा वास्तू पडद्यावरच पाहणार आहेत. त्यांना असे वाटले की जे मोठे करून दिसते तेच पाहणे, तर ते चित्रेच नव्हे, माणसेही तशीच पाहतील: एका जागी बसून, स्वतः न हलता, न दिसता.

म्हणून दोन मागण्या. चित्र करणाऱ्यांनी कॅमेऱ्याची उंची, दिवस आणि उजेड चित्रातच सांगावा, जशी टीकाकार आपली मुद्रा ठेवतो. आणि पाहणाऱ्यांनी पहिली दहा मिनिटे चाकाला हात लावू नये. जमिनीवर उभे आहोत असे समजून वर पाहावे, काय दिसत नाही ते मनात टिपावे. मग खुशाल जवळ आणा. जे आधी दूर होते, तेच जवळ आल्यावर काही सांगते. आता तुमचे प्रश्न घेऊ.