कंटेनर दिसतो, पण हलतो का?

मालवाहतुकीच्या ऑनलाइन प्रणालींवर संशोधन करायचं ठरवलंत, की एक युक्तिवाद तुम्हाला पुन्हा पुन्हा वाचायला मिळेल. वेब-आधारित ट्रॅकिंगमुळे माल कुठे आहे ते सर्वांना दिसतं, त्यामुळे समन्वय सुधारतो. पुढे मग प्रश्नावली, आलेख आणि निष्कर्ष. माझा आक्षेप या युक्तिवादातल्या एकाच शब्दावर आहे: ‘त्यामुळे’. हा शब्द आपण सिद्ध न करताच वापरतो, आणि प्रबंधाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा राहतो.

सगळ्यात मोठं उदाहरण ट्रेडलेन्सचं. मर्स्क या जहाज कंपनीने २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या एका रेफ्रिजरेटेड कंटेनरचा कागदोपत्री प्रवास तपासला. सुमारे ३० जण आणि संस्था, आणि त्यांच्यात २०० हून जास्त वेळा झालेली देवाणघेवाण, असं चित्र समोर आलं. कागद हरवतो, कंटेनर अडकतो. उपाय म्हणून मर्स्क आणि आयबीएम यांनी ब्लॉकचेनवर आधारित सामायिक व्यासपीठ उभारलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचं ट्रेडलेन्स हे नाव जाहीर केलं. २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही सामील होत असल्याचं जाहीर केलं. संशोधकांना आयतं यशस्वी उदाहरण मिळालं. डिसेंबर २०१९ मध्ये ‘एमआयएस क्वार्टरली एक्झिक्युटिव्ह’ या नियतकालिकात आलेल्या एका लेखाचं शीर्षकच, मराठीत सांगायचं तर, ‘ट्रेडलेन्स ब्लॉकचेनच्या साहाय्याने व्यवसायमूल्य कसं देतं’ असं होतं. क्रियापद बघा: ‘देतं’. प्रणाली व्यावसायिक वापरात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी ट्रेडलेन्स बंद करत असल्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला ते बंद झालंही. मर्स्कने दिलेलं कारण नीट वाचण्यासारखं आहे. व्यासपीठ चालण्याजोगं तयार झालं होतं, पण संपूर्ण उद्योगाचं जागतिक सहकार्य मिळालं नाही आणि व्यवसाय म्हणून ते उभं राहिलं नाही, असा त्याचा आशय होता.

आता ‘त्यामुळे’कडे परत या. प्रणाली आली की सहकार्य वाढेल, हे गृहीत होतं. प्रत्यक्षात प्रणाली चालायला सहकार्य आधीच लागत होतं. ज्याला आपण परिणाम समजत होतो, ती पूर्वअट निघाली. प्रतिस्पर्ध्याची मालकी असलेल्या व्यासपीठावर आपल्या ग्राहकांची माहिती का टाकायची, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हताच. मात्र यावरून ‘ब्लॉकचेन निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढलात, तर तुम्हीही तीच घाई कराल. एका अपयशातून तेवढं सिद्ध होत नाही.

आपल्याकडे या. न्हावा शेवा बंदरात २०१६ मध्ये लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावतात, वाटेतल्या ठिकाणी रीडर तो वाचतात आणि वेबसाइटवर कंटेनर क्रमांक टाकला की नोंदी दिसतात. सोय खरोखर चांगली आहे. पण रीडर फक्त ‘इथून गेला’ एवढंच सांगतो. दोन रीडरच्या मधे कंटेनर उभा असेल, तर तो का उभा आहे हे त्याला कळत नाही. कस्टम्सची परवानगी बाकी असेल, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर आली नसेल, आयातदाराचे पैसे अडकले असतील किंवा ट्रेलरच मिळत नसेल. थांबण्याचं भाडं मात्र चढतच असतं, आणि ड्रायव्हर रांगेत असतो. त्याला कंटेनरचा ठिकाणा स्क्रीनवर बघायची गरजच नसते. तो समोरच उभा असतो.

दुसरी गफलत नोंदीच्या हेतूची. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झालं. त्याचे आकडे म्हणजेच मालवाहतूक, असं समजणारे प्रस्ताव दिसतात. पण हे बिल करासाठी आहे. साधारणपणे ५०,००० रुपयांच्या आतल्या मालाला ते लागत नाही, काही मालाला मुळातच सूट आहे, आणि एका ट्रकमध्ये अनेक बिलांचा माल असू शकतो. म्हणजे बिलं मोजली तर फेऱ्या मोजल्या जात नाहीत. बिलाची मुदतही अंतरावर ठरते: आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. ही मुदत म्हणजे ‘प्रवासाला लागलेला वेळ’ नव्हे. ती धरून प्रवासाचा वेग काढलात, तर तुम्ही ट्रकऐवजी नियमच मोजाल.

मग करायचं काय? प्रस्ताव लिहिण्याआधी कुठलीही प्रणाली घ्या आणि आधी विचारा की नोंद कोण करतं, आणि नाही केली तर त्याचं काय बिघडतं. ज्याचं काहीच बिघडत नाही, त्याची नोंद उशिरा येईल किंवा येणारच नाही. मग बघा की नोंद नियोजित वेळेची आहे, अंदाजाची की प्रत्यक्ष घडलेल्या वेळेची. या तिन्ही एकाच रकान्यात मिसळलेल्या असतील, तर विश्लेषण सुरूच करू नका.

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण खरं संशोधन तिथेच आहे: माहिती मिळाल्यावर कोणाचा निर्णय बदलला? किती जणांनी लॉगिन केलं, किती जण ‘समाधानी’ आहेत, हे मोजणं सोपं असतं. त्याऐवजी जहाजाला उशीर होणार हे कळल्यावर वाहतूकदाराने ट्रेलर उशिरा पाठवला का, ते शोधा. पाठवला नसेल तर का नाही? कदाचित त्याला कळलंच नसेल. कदाचित कळलं असेल, पण बंदराची ठरलेली वेळ चुकवायची हिंमत नसेल. पहिल्या कारणावर सॉफ्टवेअर इलाज करू शकतं, दुसऱ्यासाठी करार बदलावा लागतो. तुमच्या प्रबंधाने या दोन कारणांतला फरक दाखवला, तर ‘त्यामुळे’ लिहिण्याचा हक्क तुम्ही कमावलात असं समजा.