चेपलेला नट

ग्राइंडर जुन्या बाजारातला, अर्ध्या हॉर्सपॉवरचा, सहा इंची चाकांचा. विळ्या-कोयत्यांना घरीच धार लावायची या हौसेपायी घेतला आणि घरी आणून स्विच दाबला, तर चाकं जागच्या जागी आणि पोटातून नुसतं गुं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी भरणाऱ्या एका मिस्त्रींकडे तो घेऊन गेलो. कामाला दीड तास लागला. त्यातला पाऊण तास तरी मिस्त्रींनी हातात पाना धरलेलाच नव्हता, आणि बघण्यासारखं जे होतं ते त्याच पाऊण तासात.

सुरुवात त्यांनी त्या गुं-पासून केली. बांबूची काठी घेतली आणि स्विच चालू ठेवून उजव्या चाकाला हलकेच ढोसलं. चाक फिरायला लागलं. बंद केलं, थांबू दिलं, पुन्हा चालू करून उलटीकडून ढोसलं. क्षणभरच, पण तितक्याच खुशीत ते उलटंही फिरलं. मिस्त्री म्हणाले, "दोन्हीकडं जातंय." झालं निदान. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला 50. एकट्या वाइंडिंगचं चुंबकत्व त्या तालावर फुगतं आणि ओसरतं, पण फिरत नाही. दर आवर्तनात त्याची ओढ दोनदा लागते, म्हणून सेकंदाला 100 थरथरी, आणि तेच आपल्याला गुं ऐकू येतं. एकटीला जागेवर डोलता येतं, फुगडी घालता येत नाही. फुगडीला समोर दुसरी लागते. मोटारीत ती दुसरी म्हणजे स्टार्टिंगचं वाइंडिंग, पहिल्याशी काटकोनात बसवलेलं. त्यातला प्रवाह किंचित आधी पोचावा म्हणून मध्ये कंडेन्सर असतो. इटलीतल्या तुरीनमध्ये गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 साली काटकोनातल्या दोन प्रवाहांची ही फुगडी प्रत्यक्ष करून दाखवली होती. व्यवहारात अशा मोटारीचा फारसा उपयोग होणार नाही, असं मात्र त्यांचंच मत पडलं! आज आपल्या डोक्यावरचा पंखासुद्धा त्याच तत्त्वावर फिरतो.

कंडेन्सर गेलेलाच होता. मिस्त्रींनी आधी त्याच्या दोन टोकांना बल्ब लावून उरलासुरला भार उतरवला आणि मग तपासला. इथे दुसऱ्या कोणीही नवा कंडेन्सर घालून ग्राइंडर हातात दिला असता. तो फिरलाही असता.

मिस्त्री मात्र डाव्या चाकाच्या नटाकडे पाहत राहिले. नटाच्या कडा छिन्नीने चेपलेल्या होत्या. मला वाटलं, जुना माल, चालायचंच. ते म्हणाले, "ह्यो कुणीतरी मारून आवळलाय. मंजे सुटत हुता."

या वाक्याची खुमारी कळायला आट्यांची गोष्ट माहीत हवी. समोर उभं राहिलं की चाकाची आपल्याकडची कड खाली जायला हवी, म्हणजे ठिणग्याही खाली पडतात, तोंडावर येत नाहीत. त्या फेऱ्याला धरून उजव्या टोकाला सुलटे आटे असतात आणि डाव्या टोकाला उलटे. त्यामुळे काम करताना चाकाला जो अडथळा होतो, तोच दोन्ही नट आवळत जातो. मुळात हे नट आपणहून सुटायचे नसतातच. सुटत असतील तर यंत्र उलटं फिरत असलं पाहिजे. बिघाड तारांत होता आणि त्याची साक्ष लोखंडावर उमटली होती. जुन्या पोथीत कोणा लेखनिकाने घुसडलेली ओवी मागच्या-पुढच्या ओव्यांच्या चालीवरून ओळखावी, तशी ही ओळख. ज्याने कोणी नट ठोकला, त्यालाही सगळं दिसतच होतं. पण त्याने ओवी तशीच ठेवून पान चिकटवलं.

मग खालची पत्री उघडली. आतून तीन तारा आल्या होत्या, तिन्ही सारख्याच तपकिरी झालेल्या. मी उगाच शहाणपणा करून एकीवर लालसर छटा आहे म्हणालो. "रंगावर जाऊ नगासा," एवढंच उत्तर आलं. त्यांनी मीटर घेतला आणि तारा दोन-दोन करून तीनदा टेकवला. 14 ओहम, 26 ओहम, 40 ओहम. सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज, म्हणजे तो दोन्ही वाइंडिंगं ओलांडून आला. त्या मापात जी तार बाहेर राहिली ती कॉमन. कॉमनपासून 14 दाखवते ती रनिंग, जाड तारेची. 26 दाखवते ती स्टार्टिंग, बारीक तारेची. तीन आकडे, एक बेरीज, आणि तिन्ही तारांना आपापली नावं मिळाली. मला तर सगळ्या दुरुस्तीत हीच जागा सर्वांत देखणी वाटते. कंडेन्सर सापडला तो रनिंगच्या वाटेत, आणि बारीक स्टार्टिंगवर थेट लाइन! अशा जोडणीत मोटार तापते, दमते आणि उलटी फिरते.

तारा बदलल्या, त्याच मापाचा नवा कंडेन्सर घातला, दोन पिनांच्या जागी तीन पिनांचा प्लग लावून बॉडीला अर्थ दिला. पहिली चाचणी चाकं काढून, नुसत्या दांड्याला खडूची रेघ ओढून घेतली. उलट्या फेऱ्याचा संशय असताना चाक चढवून स्विच दाबायचा नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. एका ठिकाणी मात्र मी नाराज आहे. सांध्यांवर स्लीव्ह न घालता त्यांनी साधी चिकटपट्टी गुंडाळली. धुळीत आणि उष्णतेत तिचा गोंद पातळ होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

चाकं चढवण्याआधी दोन्ही बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वाजवली. बाजारात माठ घेताना टिचकी मारतात तशीच. खणखणीत आवाज आला, तडा नव्हता. दोन्ही अंगांना कागदी चकत्या, टेकूची फट 3 मिलिमीटर. पहिला मिनिटभर आम्ही दोघं बाजूला सरकून उभे राहिलो. मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या आसपास चाकाची कड ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने जात असते, समोर उभं राहण्यात शहाणपण नाही. डावीकडचा चेपलेला नट बदलून नवा लावला आणि जुना माझ्या तळहातावर ठेवला.

बिलावर लिहिलं होतं: कंडेन्सर 1, नट 1, मजुरी.