तामाकी मिउरा : जन्म आणि साधना

पाश्चात्त्य संगीताविषयी मराठीत लिहावयाचे म्हणजे आरंभीच वाचकांची क्षमा मागावयाची, अशी एक रीत पडून गेली आहे. आम्ही ती पाळीत नाही. ज्या जपानी गायिकेविषयी आम्ही येथे लिहीत आहोत तिच्या वाटचालीतून उभा राहणारा प्रश्न आपल्या देवळांच्या सभामंडपांत आणि नाटकगृहांत अनेक पिढ्या विचारला गेलेला आहे. कलावंताची पारख त्याच्या जन्मावरून करावी की साधनेवरून, हा तो प्रश्न होय. तामाकी मिउरा यांना जगाने जन्मावरून डोक्यावर घेतले. वरकरणी हे भाग्य दिसते. परंतु त्या भाग्यात त्यांच्या साधनेवर अन्याय झाला, असे आमचे मत आहे.

मिउराबाईंचा जन्म १८८४ मध्ये तोक्यो येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव शिबाता. १९०० च्या सुमारास त्या तोक्योच्या सरकारी संगीत विद्यालयात दाखल झाल्या. तरुण मुलगी सायकलवर बसून विद्यालयात जाते, एवढ्यावरून त्या काळच्या वृत्तपत्रांनी त्यांचा गवगवा केला. गाणे कोणी ऐकण्यापूर्वीच गाणारीचे रूप आणि वागणे चर्चेचा विषय व्हावे, हा अनुभव त्यांना येथपासून आला आणि तो पुढे जन्मभर पुरला. जुलै १९०३ मध्ये याच विद्यालयात ग्लुक या जर्मन संगीतकाराचा ‘ऑर्फिअस’ हा ऑपेरा विद्यार्थ्यांनी जपानी भाषेत सादर केला. वाद्यवृंदाऐवजी साथीला पियानो होता. जपानी कलावंतांनी जपानात सादर केलेला हा पहिला ऑपेरा मानला जातो आणि त्यात मृत पत्नी युरिडिसीची भूमिका बाईंनी केली. पुढे त्याच विद्यालयात त्या अध्यापन करू लागल्या.

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा दूरचा नातलग. आपल्याकडे गद्य संवादांमध्ये पदे येतात. तेथे बहुधा सारेच गायिले जाते. ध्वनिवर्धकाच्या साहाय्याविना, मोठ्या वाद्यवृंदाच्या आवाजावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. स्त्रीकंठातील सर्वांत उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात, आणि मिउराबाई सोप्रानो होत्या. ही गानपद्धती त्यांच्या देशाची नव्हती. जपानच्या जुन्या गायनाची घडण निराळी, स्वर लावण्याची रीत निराळी. तेव्हा त्यांना कंठच जणू नव्याने घडवावा लागला.

मार्च १९११ मध्ये तोक्योचे इंपीरियल थिएटर उघडले आणि बाई तेथील प्रमुख गायिका झाल्या. १९१२ मध्ये तेथे ‘युया’ नावाचा ऑपेरा झाला. मूळ कथा प्राचीन नो नाटकातील. सरदार मुनेमोरी याच्या पदरी असलेल्या युयाची आई दूर गावी आजारी आहे. युया निरोप मागते, पण सरदार तिला फुललेल्या चेरीचा बहर पाहण्यासाठी क्योतोच्या कियोमिझू देवळाकडे घेऊन जातो. तेथील देवता कान्नोन, म्हणजे आपल्या परिचयाचा अवलोकितेश्वर. अकस्मात सर येते, फुले गळून पडतात, युया त्यावर एक कविता लिहिते आणि ती वाचून सरदाराचे मन द्रवते. ओढ, भक्ती आणि संयम यांनी ओथंबलेली ही कथा जपानी रसिकांना मुखोद्गत असणार. परंतु ती पाश्चात्त्य आवाजात आणि पाश्चात्त्य स्वररचनेत ऐकताना प्रेक्षक हसले. प्रयोग फसला.

हे हसू आम्हांला महत्त्वाचे वाटते. भाषा आपली, कथा आपली, गायिकाही आपली. तरीही शब्द आणि सूर यांचा संसार जमला नव्हता. ज्या गायिकेला स्वदेशात स्वदेशाच्या कथेसाठी हसे पत्करावे लागले, तिला तीन वर्षांनी परदेशात स्वदेशाच्या नावानेच कीर्ती मिळाली.

पहिला विवाह १९०९ मध्ये संपुष्टात आल्यावर बाईंनी मिउरा नावाच्या डॉक्टरांशी लग्न केले होते. १९१४ मध्ये हे दांपत्य जर्मनीस गेले. तोच महायुद्ध पेटले आणि त्यांना लंडनचा आश्रय घ्यावा लागला. तेथे ३१ मे १९१५ रोजी त्यांनी पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातील चो-चो-सानची भूमिका प्रथम केली. त्याच रात्री जर्मनांच्या झेपेलिन विमानाने लंडनवर पहिला बाँबहल्ला केला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत बाई अमेरिकेत पोहोचल्या आणि शिकागो, न्यूयॉर्क आदी शहरांतून त्यांची चो-चो-सान गाजू लागली.

ही भूमिका काय मागते ते पाहू. नागासाकीची ही मुलगी अवघी पंधरा वर्षांची. पिंकर्टन नावाचा अमेरिकन नौदल अधिकारी घर भाड्याने घ्यावे तसे तिच्याशी लग्न लावतो. घराचा करार नऊशे नव्याण्णव वर्षांचा, पण महिन्यागणिक मोडता येणारा, आणि लग्नही त्याच मोलाचे. ती मात्र त्यासाठी आपला धर्म आणि गोत सोडते. तीन वर्षे वाट पाहते, मूल वाढवते, आणि तो दुसऱ्या पत्नीसह परत आल्यावर बापाच्या सुरीने प्राण देते. एकदा रंगभूमीवर आल्यावर तिला विसावा जवळजवळ नाही. शरीर कोवळ्या मुलीचे दिसावे आणि आवाजाला मात्र प्रौढ स्त्रीचा दम असावा, असा हा पेच आहे. दणकट आवाजाच्या गायिका पंधरा वर्षांच्या दिसत नाहीत. लहानखुऱ्या गायिकांचा आवाज शेवटच्या अंकात वाद्यांच्या लोंढ्याखाली जाण्याचा धोका असतो. मिउराबाई चणीने लहान होत्या आणि त्यांचा आवाज हलका होता. १९१७ मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रिका दिल्या. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात गावे लागे, आणि आवाजाचा पुष्कळसा अंश तेथेच सांडत असे. तेव्हा या तबकड्यांवरून अंतिम निवाडा करणे न्याय्य नाही. पण एवढे म्हणता येईल, की असल्या आवाजाला ही भूमिका पेलावयाची तर जोरावर पेलता येत नाही. श्वास कोठे राखावयाचा, कोठे खर्चावयाचा, याचा चोख हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब वर्षानुवर्षे चुकला असता, तर गळा एवढा टिकलाच नसता.

याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नसे. बोलबाला झाला तो ‘खरी’ बटरफ्लाय अवतरल्याचा. रंगभूमीवर प्रत्यक्ष जपानी स्त्री उभी आहे, किमोनो नेसण्यात, गुडघे टेकून बसण्यात, लवून नमस्कार करण्यात नाटकीपणा नाही, याचे पाश्चात्त्य प्रेक्षकांस अप्रूप होते. १९२० मध्ये इटलीत पुच्चिनीची भेट झाली, तेव्हा त्यानेही त्यांची वाखाणणी केली. त्यांच्या वाट्यास आलेल्या इतर नामांकित भूमिका पाहा : मास्कान्यीची ‘आयरिस’, मेसाजेची ‘मादाम क्रिसान्थेम’, आणि १९२५ मध्ये शिकागोत झालेली, फ्रांकेत्ती या संगीतकाराने त्यांच्यासाठीच लिहिलेली ‘नामिको-सान’. सर्व नायिका जपानी, आणि सर्व परकीयांच्या कल्पनेतून जन्मलेल्या. ज्या जन्माने दार उघडले त्याच जन्माने उंबरठ्यावर कुंपण घातले.

कोणी म्हणेल, यात वाईट काय झाले? जपानी भूमिका जपानी स्त्रीने करावी, हे स्वाभाविकच नव्हे काय? जन्माचा उपयोग होतो हे आम्ही नाकारीत नाही. किमोनोची सवय लहानपणापासून असली की मन गाण्याकडे मोकळे राहते. परंतु सवय म्हणजे कला नव्हे. याची साक्ष जपानच्याच रंगभूमीने दिलेली आहे. काबुकीत स्त्रीभूमिका शतकानुशतके पुरुष करीत आले. त्यांना ओन्नागाता म्हणतात, आणि रंगभूमीवरचे स्त्रीत्व जन्माने लाभत नसून अभ्यासाने घडवावे लागते, हे त्या परंपरेचे सूत्रच आहे. आपल्याकडे याहून वेगळे काय होते? ज्या मार्च १९११ मध्ये तोक्योचे इंपीरियल थिएटर उघडले, त्याच महिन्यात मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची भामिनी महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली. जन्म हीच पात्रता असती, तर ती भामिनी खोटी ठरली असती. तिला खोटी म्हणण्याचे धाडस कोण करील?

आणि दुसरी बाजूही आहे. आपल्या गोमंतकात देवळाच्या सेवेशी जोडलेल्या घरांतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका निघाल्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी जे कष्ट केले त्यांची गणना नाही. तरीही कित्येकांनी आधी त्यांचा जन्म विचारला आणि मग गाणे ऐकले. तेथे जन्माने वाट अडविली, मिउराबाईंच्या बाबतीत जन्माने वाट मोकळी केली. परंतु दोन्हीकडे साधनेचे श्रेय जन्माच्या खात्यावर मांडले गेले. म्हणून स्तुती असो वा निंदा, ती जन्मापाशी थांबली की रसिकाची चूक सारखीच होते.

१९३६ मध्ये तोक्योच्या काबुकी-झा नाट्यगृहात चो-चो-सानचा दोन हजारावा प्रयोग साजरा झाला. लंडनपासून मोजल्यास एकवीस वर्षांत दोन हजार, म्हणजे सरासरीने दर चौथ्या दिवशी एक प्रयोग. हा आकडा नोंदवहीचा की गौरवाचा, याचा वाद ज्यांना घालावयाचा असेल त्यांनी घालावा. आम्हांला त्यात एका गळ्याचे अफाट श्रम दिसतात, आणि एका भूमिकेत अडकलेले आयुष्यही दिसते.

म्हणूनच त्यांच्या आयुष्याचा शेवट आम्हांला दोन हजाराव्या प्रयोगाहून मोठा वाटतो. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तोक्यो बेचिराख झाले होते आणि बाईंचे शरीर आजाराने खंगले होते. तशा स्थितीत डिसेंबर १९४५ आणि मार्च १९४६ मध्ये तोक्योच्या हिबिया सभागृहात त्या शूबर्टच्या दोन गीतमाला गायिल्या : हिवाळ्यातील प्रवासाची चोवीस गीते आणि गिरणीवाल्याच्या मुलीवर जीव जडलेल्या तरुणाची वीस गीते. या दोन्ही मालांत बोलणारा आहे एक भटका, भग्नहृदय जर्मन पुरुष. येथे किमोनोचे काम नव्हते. गाणारी कोणत्या देशाची, हे विचारण्याचे कारण उरले नव्हते. पियानो, शब्द आणि उरलासुरला श्वास, एवढ्याच भांडवलावर त्या आपल्या लोकांपुढे उभ्या राहिल्या. २६ मे १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

‘युया’च्या वेळी उमटलेल्या हशाचे उत्तर त्यांना हयातीत पुरतेपणी मिळाले नाही. त्यांचे विद्यार्थी कोसाकु यामादा यांनी १९४० मध्ये ‘कुरोफुने’ हा जपानी भाषेतील ऑपेरा रंगभूमीवर आणला. आणि १९५२ मध्ये इकुमा दान यांचा ‘युझुरु’, माणसाच्या घरी पत्नी होऊन राहणाऱ्या बगळीसारख्या क्रौंच पक्षिणीची कथा, जपानी प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारला. शब्द आणि सूर यांचा संसार अखेर जमला. परंतु परदेशातील ते जुने दार फारसे बदलले नाही. १९८६ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात यासुको हायाशी या जपानी गायिकेने मोठे यश मिळविले, ते पुन्हा चो-चो-सान म्हणूनच.

नागासाकीच्या टेकडीवर आज मिउराबाईंचा पुतळा चो-चो-सानच्या वेषात, मुलाला जवळ घेऊन उभा आहे. पाहणाऱ्यांनी त्यास अवश्य हात जोडावेत. मात्र हात जोडताना एवढे ध्यानात ठेवावे, की आपण वंदन करतो ते एका जपानी स्त्रीच्या जपानी असण्यास नव्हे. परका स्वर घासूनपुसून आपला करणाऱ्या, आणि मरणाच्या दारातही तो न सोडणाऱ्या साधनेस ते वंदन आहे. आपल्या गावच्या उत्सवात एखादी नवी गायिका तंबोरा घेऊन बसेल, तेव्हा तिचे घराणे आणि कूळ विचारण्याआधी तिचा षड्ज ऐकावा. मिउराबाईंच्या चरित्रातून आम्ही घेतलेला बोध एवढाच आहे.